तुझ्या गावात न पडलेला पाऊस

सिद्धराम,

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळण्याचीच सवय झाली. सुरुवातीला नोकरीची भीती होती. नंतर तुझी वाटायला लागली. शेवटी शेवटी तर तू भेटलास की मनात यायचं, इतकं बरं चाललंय, कशाला मोडायचं? परवा तुला माती दिली. तुमच्या रीतीप्रमाणे बसवून, कपाळाला विभूती लावून. खड्ड्याच्या काठावरून पाहिलं तर तू कुणाचं तरी बोलणं ऐकत बसल्यासारखा दिसलास. वर्गात एखादं पोर चुकीचं उत्तर देत असलं तरी तू असाच ऐकायचास, मध्ये न तोडता. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचं.

तुला एक प्रश्न आयुष्यभर पडला होता. दोघेही रिटायर झाल्यावर संध्याकाळी कंबर तलावाच्या कट्ट्यावर बसलो, की इकडचंतिकडचं झाल्यावर तू हमखास त्याच्यावर यायचास. "वश्या, तो पाऊस कुणाला सुचला असंल रे?" रागानं नाही. एखाद्या गणिताची वेगळी रीत सापडावी तशा कुतूहलानं. "डोकं लावलं बघ गड्यानं. मला त्याला एकदा भेटायचंय. शिव्या द्यायला न्हाय. चहा पाजायला."

मग तुझे अंदाज सुरू व्हायचे. माझ्या हापिसातल्या डेप्युटीसाहेबाला सुचणं शक्य नाही, त्याला विनोद कळत नव्हता. मंत्र्याच्या सचिवाला सुचलं असेल तर तो नक्की कोकणातला असणार, कारण सोलापूरचा माणूस पाऊस इतक्या सहज हातात घेणार नाही. मी हसायचो. हो ला हो करायचो. एकदा तर मीच म्हणालो, "असेल कोणी मुंबईचा." तू लगेच म्हणालास, "न्हाय रे, मुंबईच्या माणसाला फक्त एका गावात पाऊस पडतो हे म्हाईत नसतं. ह्यो हितलाच हाय."

तुझा अंदाज किती जवळ आला होता, हे तुला कळलं नाही.

तुझ्या नातवंडांच्या हाती हा कागद पडेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात अक्कलकोट रस्त्याला, तुमच्या गावाच्या माळावर, खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं. सगळं गाव कामावर. जमीन असलेले, नसलेले, सगळे एका ओळीत हातोडी घेऊन. तुझी आई, अव्वासुद्धा. शाळा ओस पडली होती, म्हणून तुला सरकारनं कामावरच्या पोरांना सुकडी वाटायला बसवलं होतं. मी त्या कामावर ओव्हरसियर, तोही हंगामी. बोर्डिंगातल्या आपल्या दोघांपैकी एक गावचा मास्तर आणि दुसरा कामाचा साहेब, याचं तुला केवढं कौतुक! "आमच्या गावात आता सगळं आमचंच हाय," म्हणायचास.

खडीचे ढीग लावायचे, मी टेप धरून मोजायचे, आणि मोजलेल्या ढिगावर चुन्याचं पाणी शिंपडायचं. पांढरा ढीग म्हणजे मोजून झालेला. तो पुन्हा मोजू नये, एवढ्यासाठी ती खूण. साधी, कुणालाही लांबून दिसणारी. म्हणूनच ती पुसली, की ढीग पुन्हा कोरा. एकदा फोडलेली खडी दोनदा फोडली म्हणून दाखवता यायची आणि मधला पैसा वर जायचा. किती वर, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

तुला नेहमी नवल वाटायचं, की दगड नुसते उलटेपालटे का केले नाहीत, पाणी कशाला वापरलं? दुष्काळात पाणी ही चोरी लपवायची वस्तू आहे का? त्याचं उत्तर मला माहीत होतं. ढीग उलटायला माणसं लागतात आणि माणसांना तोंड असतं. टँकरला एक ड्रायव्हर पुरतो.

बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. अव्वाच्या हातोडीचा दांडा ढिला झाला होता. ती हातोडी कामावरच राहिली म्हणून तू सायकल मारत माळावर गेलास. गावात त्या सकाळी टँकर आलाच नव्हता. बायका रिकाम्या घागरी रांगेत लावून बाजाराला निघून गेल्या होत्या. आणि तो टँकर इथं, माळावर, भर उन्हात उभा. ड्रायव्हर नळी धरून ढिगावर पाणी मारत होता. खालून दुधासारखं पाणी वाहत होतं आणि कुठून कुठून चिमण्या जमल्या होत्या. त्या चुन्याच्या पाण्याला चोच लावायच्या आणि मान झटकायच्या. हे तू मला किती वेळा सांगितलंस! चिमण्यांचं नेहमी सांगायचास.

"कशाला रं दगडाला पाणी?" तू विचारलंस.

"तापल्यात, मास्तर. गार करतुया."

"आन गावातल्या माणसांचं?"

"माणसं कुटं इतकी तापल्यात?"

तू त्याच पावली माझ्याकडं आलास. पोलिसाकडं नाही, पुढाऱ्याकडं नाही, माझ्याकडं. दारातूनच म्हणालास, "वश्या, तुझ्या दगडांना आंघोळ घालतायत." तुला वाटलं, मला हे ठाऊक नाही. मी खाली मान घालून "बघतो" म्हणालो. तू विश्वासानं परत गेलास. पुढच्या बाजारालाही टँकर माळावरच गेला. त्यानंतर तू विरोधी पक्षाच्या आमदाराला गाठलंस. माझं नाव तू त्यांच्यापुढं घेतलं नाहीस. "ओव्हरसियर माझा मित्र आहे, त्याला यातलं काही माहीत नाही," असं तू सांगितल्याचं मला फार नंतर त्यांच्याच कार्यकर्त्याकडून समजलं.

आमदारांनी विधानसभेत प्रश्न टाकला. दुष्काळातलं पिण्याचं पाणी दगड धुवायला वापरलं, हे खरं आहे काय? असल्यास जबाबदार कोण? पेपरवाल्यांनी ते उचललं. आमच्या सोलापूरच्या हापिसात मुंबईहून ट्रंक कॉलवर ट्रंक कॉल यायला लागले. मंत्रीसाहेबांना दुसऱ्या दिवशी सभागृहात उत्तर द्यायचं होतं. ढिगांवर चुना नाही, हे कलेक्टरांचा माणूस येऊन स्वतः पाहून गेला होता. टँकरचं जमत होतं, मजुरांची पिण्याची पिंपं भरायला आला होता म्हणायचं. अडत होतं ते चुन्यापाशी.

डेप्युटीसाहेबांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. "चुना गेला कुठं? मंत्र्यांनी काय सांगायचं? बोला! मोजताना बोलता की चुरूचुरू!"

पंखा कुरकुरत होता. बाहेर बघवत नव्हतं एवढं ऊन. माझी जीभ वळवळली. आपली बोर्डिंगातली खोड, माहीत आहे ना? मार बसणार असला की काहीतरी वाकडं बोलायचं. मी म्हणालो, "साहेब, पाऊस पडला म्हणा."

सगळे फिस्सकन हसले. किती तरी दिवसांनी त्या हापिसात कोणी हसलं असेल. साहेब तेवढे हसले नाहीत. तू बरोबर ओळखलं होतंस, त्यांना विनोद कळत नव्हता. त्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि फोन उचलला.

"सर, वळवाची एक सर येऊन गेली होती. हो, मोजमापानंतर. नाही सर, सोलापुरात नाही. स्थानिक. फक्त कामापुरती."

फक्त कामापुरती! ते ऐकून मला आणखी हसू येत होतं. खोटं सांगत नाही, सिद्धराम. त्या क्षणी मला वाटलं, मुंबईचे लोक हे ऐकून फोन आपटतील. पण दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी ते सभागृहात उभं राहून सांगितलं आणि रेडिओवर आलं. तिथून पुढं ते माझं वाक्य राहिलं नाही. सरकारचं झालं. एकदा मंत्री बोलला म्हणजे तो खोटं बोलला असं होऊ देता येत नाही, आणि मग खालच्या प्रत्येकाला एकच काम उरतं, बोललेलं खरं करून दाखवायचं. मी पुढं खात्यात तीस-पस्तीस वर्षं काढली. घोटाळे पुष्कळ पाहिले. त्यांच्या मुळाशी मला फार मोठी अक्कल कधी दिसली नाही. एखादा घाबरलेला माणूस काहीतरी बोलतो, आणि त्याच्याहून घाबरलेला ते वर पोचवतो.

तर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. पाऊस मला सुचला. माझा चहा तुझ्याकडं बाकी आहे.

चौकशी आली तो दिवस तू मला नक्कल करून दाखवायचास. लिंबाखाली टेबल, टेबलावर चौकशीचा साहेब, साहेबाच्या डोक्यावर टोपी, टोपीवर कावळ्याची कृपा. पहिली साक्ष माझी.

"सर पडली?"

"हो, साहेब."

"तुम्ही भिजलात?"

या प्रश्नाची तयारी कुणी करून घेतली नव्हती. मी म्हणालो, "छत्री होती, साहेब."

गर्दीतून तू मोठ्यानं हसलास. मी उन्हासाठी छत्री वापरायचो हे सगळ्या गावाला माहीत होतं. साहेबांनीही मान खाली घातली, मिशीत हसले असावेत. पण लिहून घेतलं. आणि मी तुझ्याकडं पाहिलं तर तुझं हसू विझत चाललं होतं. मी त्या बाजूला आहे, हे तुला तेव्हा कळलं. तरी तू मला त्याबद्दल कधी बोलला नाहीस. "तू हंगामी होतास, तुझी मान त्यांच्या सुरीखाली होती," एवढंच म्हणायचास. तुझी ही माफी मी फुकटात घेतली. तू अर्ध्याच गोष्टीची माफी देत होतास, आणि मी पूर्ण हिशेब मिटल्यासारखा वागत होतो.

मग बायकांच्या साक्षी. वडीलधारी म्हणून अव्वा पुढं. साहेबांनी विचारलं, "आजी, खडी मोजली त्यानंतर इथं पाऊस पडला का?" साहेबांचं शहरी बोलणं कुणीतरी कानडीत समजावून सांगितलं. अव्वानं पदर सारखा केला. वर आभाळाकडं पाहिलं. तुझ्याकडं पाहिलं नाही.

"मळी बंतु री," ती म्हणाली. पाऊस आला, साहेब.

"अव्वा!" तू ओरडलास.

"गप बसा, मास्तर," साहेब म्हणाले.

अव्वाच्या मागं मग सगळ्या. "पडला की." "लई न्हाय, जरासा." एक तर म्हणाली, "गारा बी पडल्या." तुझ्या गावात त्या दिवशी जेवढा पाऊस पडला, तेवढा पुढं दोन पावसाळ्यांत पडला नसेल. आरोप निराधार ठरला. आमदारांनी तुझी साथ सोडली. तुझी बदली करमाळ्याच्या पलीकडं झाली. बांधाचं भांडण असो की सोयरिकीचं, जे गाव तुझ्या ओट्यावर यायचं, ते यायचं थांबलं. पोरं तुला बघून तळहात पसरायची आणि वर बघायची, थेंब पडतोय का म्हणून.

पण यातलं काही तुला लागलं नव्हतं. लागली होती ती अव्वा.

यावर आपण किती भांडलो! मी म्हणायचो, अव्वा खोटं बोलली नाही. आपल्यात दिवा विझला म्हणत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत. मग दुष्काळात, उघड्या आभाळाखाली बसून, चारचौघांत पाऊस आला नाही असं म्हातारं माणूस कसं म्हणेल? त्या आभाळाला ऐकू गेलं तर? तू म्हणायचास, "हे तुझं पुस्तकी झालं. अव्वाला मी वळखतो. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. तिला कुणीतरी शिकवलं हुतं." मी म्हणायचो, कोण शिकवणार? पुन्हा काही महिन्यांनी तेच.

बदलीच्या गावाला निघण्याआधी तू तिला विचारलंस, "कोण आलं हुतं?" ती म्हणाली, "कुणी न्हाय." तू पुन्हा विचारलंस. "न्हाय म्हनले न्हवं?" तू ट्रंक उचललीस आणि पाया न पडता एस.टी.त बसलास. नंतर आला नाहीस. दिवाळीला आला नाहीस, गड्ड्याच्या जत्रेला आला नाहीस. पत्रात सगळ्यांची खुशाली विचारायचास, तिची सोडून. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तुला तार मिळेपर्यंत आणि तू तीन एस.टी. बदलून येईपर्यंत उन्हात ठेवता येईना म्हणून गावानं माती दिली. तुझ्या नावाची मूठ कुणी टाकायची, असा प्रश्न आला तेव्हा लोक म्हणाले, वसंता टाकू दे, तो त्याच्या भावासारखा. मी टाकली.

आता ते सांगतो, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतोय.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तुमच्या घरी गेलो होतो. तू माळावर सुकडी वाटत होतास आणि अव्वा भाकरीला घरी आली होती, ते बघूनच गेलो. डेप्युटीसाहेबांनी सांगितलं होतं, त्या मास्तराची आई आपल्या बाजूनं बोलली तर दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नाही. अव्वानं मला नेहमीसारखं बसवलं. "बा, वसंता," म्हणाली, ये म्हणून. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली. त्या दिवसांत कुणाच्या पुढं भाकरी ठेवणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मी ती खाल्ली. मग म्हणालो, "अव्वा, उद्या साहेब विचारतील, पाऊस पडला का. नाही म्हटलंत तर घोटाळा झाला म्हणून काम बंद करतील. गावाची चूल बंद पडेल. आणि सिद्धरामवर सरकारवर खोटे आरोप केल्याचा खटला भरतील. पडला म्हटलंत तर काम चालू राहील आणि त्याला नुसती समज देऊन सोडतील. मी साहेबांकडून शब्द घेतलाय."

काम बंद पडेल, हे कदाचित खरं होतं. खटल्याचं मी तिथंच बसून रचलं. आणि शब्द कुणी दिला नव्हता. मी मागितलाच नव्हता.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, "त्याला कळलं तर?"

मी म्हणालो, "त्याला सांगू नका. मी आलो होतो हे कधीच सांगू नका. त्याचा स्वभाव माहीत आहे ना, चौकशीत उभा राहून बोलून टाकेल आणि सगळंच जाईल."

"न्हाय सांगत," ती म्हणाली. मला हातावर पाणी दिलं.

तिनं सांगितलं नाही. तू ट्रंक उचललीस तेव्हा सांगितलं नाही. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो, तेव्हा तिनं मला एवढंच विचारलं, "आता सांगू का रं त्याला?" काम कधीच बंद झालं होतं. डेप्युटीसाहेब बढती घेऊन गेले होते. माझी नोकरी पक्की होऊन काही आठवडेच झाले होते. मी म्हणालो, "थोडं थांबा, अव्वा. मी स्वतःच सांगतो त्याला."

मला अजून समजत नाही, की मी असं का म्हणालो. खरोखर सांगायचं होतं म्हणून, की तिनं सांगू नये म्हणून? कितीदा उलटसुलट करून पाहिलं. माणूस आपल्याच तोंडच्या शब्दांचा ओव्हरसियर होऊ शकत नाही. टेप लागत नाही तिथं.

आणि तू? माझी बायको आजारी असताना महिनाभर रोज दवाखान्यात डबा घेऊन आलास. माझ्या मुलीचं गणित सुटेना, तर दर रविवारी येऊन तिची भीती घालवलीस. तुला कधी संशय आला नाही, की आला होता आणि तरी तू येत राहिलास? "ह्यो हितलाच हाय" म्हणताना तू तलावाकडं बघत होतास, माझ्याकडं नाही. हे मी आता कुणाला विचारू?

गेल्या महिन्यात दवाखान्यात तुझ्यापाशी बसलो होतो. सून औषध आणायला खाली गेली होती. तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. आज सांगायचंच, असं रिक्षात बसल्यापासून घोकत आलो होतो. तूच आधी बोललास. या वेळी पाऊस कुणाला सुचला ते विचारलं नाहीस. म्हणालास, "वश्या, मी अव्वाच्या पाया पडलो न्हाय रे त्या दिवशी. ती खोटं बोलली म्हणून. एवढ्यासाठी कुणी असं करतं का?"

मी तुझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणालो, "जाऊ दे आता. झोप."

सिद्धराम, ती खोटं बोलली नाही. तुला वाचवायला बोलली, आणि माझा शब्द पाळायला गप्प राहिली. तुला तिच्यापासून मी तोडलं. तुझी अव्वा शेवटचं वर्षभर दाराकडं बघत बसली, ती माझ्यामुळं. मला माफ कर. अव्वाला म्हणावं, वसंतानं सांगितलं. उशिरा सांगितलं.